कायदा मानणारा कायदेभंगी

१० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या धुंदीच्या राखीव जंगलात एका नामांकित वकिलाने हातात विळा घेतला आणि सरकारी गवत कापले. सत्याग्रहाच्या शिरस्त्याप्रमाणे बेत आधीच जाहीर होता. अटक ठरलेलीच होती आणि ती झाली. वकिलाचे नाव माधव श्रीहरी अणे. वऱ्हाड त्यांना बापूजी म्हणे. लोकनायक ही उपाधीही नावाला अशी जडली की पुढे ती नावाचाच भाग झाली.

विळा हाती घेणाऱ्यांत अणे असावेत, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल. कौन्सिलांवरचा बहिष्कार त्यांना कधीच पटला नव्हता. टिळकांना गुरुस्थानी मानणारा, संस्कृतात रमणारा, परंपरेविषयी आस्था बाळगणारा आणि हिंदू महासभेच्या वर्तुळात उठबस असलेला हा माणूस होता. वऱ्हाडच्या राजकारणातल्या सनातनी, सावध आणि घटनेच्या चौकटीत चालणाऱ्या फळीचे ते सर्वांत मोठे पुढारी. असा माणूस कायदा मोडतो, तुरुंगात जातो, काँग्रेसचा हंगामी अध्यक्ष होतो, मग काँग्रेसपासून वेगळा पक्ष काढतो. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसतो आणि तिथूनही राजीनामा देऊन उठतो. या येरझारीला चंचलपणा म्हणणारे तेव्हाही होते. पण तिच्यात एक सूत्र सापडते आणि ते समजायला आधी वऱ्हाडची जमीन आणि तिचा विचित्र कायदा समजावा लागतो.

निजामाचे वऱ्हाड, इंग्रजांचा कारभार

आजच्या वाशीम जिल्ह्याचा नकाशा मनातून पुसून टाका. इंग्रजी अमलात वाशीम हा वऱ्हाडातला एक जिल्हा होता आणि त्यात तीन तालुके होते: वाशीम, मंगरूळ आणि पुसद. १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली आणि हा जिल्हा मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेले. म्हणजे अण्यांनी जिथे गवत कापले ती जमीन पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत वाशीम जिल्ह्याचीच होती. बालाघाटाचे पठार, पैनगंगेचे खोरे, सागाचे जंगल, बंजारा तांडे, आंध आणि कोलामांच्या वस्त्या हे सगळे वाशीम, मानोरा, पुसद या पट्ट्यात सलग होते. जिल्ह्याची रेघ कागदावर सरकली, गुरे चरायची ती पूर्वीच्याच रानात.

या साऱ्या मुलखाचा मालक कायद्याने इंग्रज नव्हताच. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले, ते निजामाच्या मदतीला ठेवलेल्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये भाड्यावर हा प्रदेश कायमच्या पट्ट्याने घेतला आणि दुसऱ्या वर्षी त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला. मालकी निजामाची, कारभार नागपूरचा. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत, वेगळ्या हुकमाने लावावे लागत. दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात वऱ्हाडचा प्रतिनिधी लोकांच्या मतांनी निवडला जाई. पण वऱ्हाड ब्रिटिश मुलूख नसल्यामुळे त्याची नोंद मात्र सरकारनियुक्त सभासद अशी होई. अणे अनेक वर्षे या जागेवर बसले. लोकांनी निवडलेला माणूस, कागदावर सरकारने नेमलेला.

अशा मुलखात राजकारण वकिलांच्या हाती गेले नसते तरच नवल. तह, करार, पट्टा, अधिकार यांची बारकाईने उकल करता येणे हीच इथली राजकीय ताकद होती. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वकील, श्रीपाद बळवंत तांबे वकील, अणेही वकील. २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीला जन्मलेल्या अण्यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात पदवी घेतली, अमरावतीत काही काळ मास्तरकी केली आणि कायद्याची परीक्षा देऊन यवतमाळला वकिली थाटली. ते साल होते टिळकांना मंडालेला पाठवले त्याच्या आसपासचे. वऱ्हाडातली तरुण वकील मंडळी त्या खटल्याने पेटून उठली. पण टिळकांकडून त्यांनी उचलला तो निव्वळ संताप नव्हे. सरकारच्याच कायद्यातली फट शोधून सरकारला कोंडीत पकडायचे, मिळेल ते घ्यायचे आणि उरलेल्यासाठी भांडत राहायचे, हा टिळकांचा धडा त्यांनी गिरवला. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली तेव्हा वऱ्हाड त्यांच्या लीगच्या हद्दीत होते. १९१७ च्या जानेवारीत टिळक यवतमाळ-अकोल्याला आले, तेव्हा या भागात होमरूलचे वारे चांगलेच शिरले होते.

बहिष्कार की शिरकाव?

१९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये टिळकांनी प्रतियोगी सहकारितेची भूमिका मांडली. सरकार जेवढे देईल आणि ज्या वृत्तीने देईल, तेवढ्याच प्रमाणात आणि त्याच वृत्तीने सहकार्य. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. त्याच महिन्यात गांधीजींचा असहकार सुरू झाला. सप्टेंबरच्या कलकत्ता अधिवेशनात आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने कौन्सिलांवर, कोर्टांवर, शाळांवर बहिष्कार मान्य केला.

वऱ्हाडच्या टिळकभक्तांची पंचाईत झाली. खापर्डे काँग्रेसपासून दूर गेले. अणे राहिले. कौन्सिलबहिष्कार त्यांना पटत नव्हता, पण बहुमताचा ठराव झाला की तो पाळायचा, हे त्यांच्या स्वभावात होते. काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या तेव्हा वऱ्हाडला स्वतःची समिती मिळाली आणि तिचे नेतृत्व अण्यांकडे आले. मन राजी नसताना शिस्त पाळणे ही त्यांच्या राजकारणाची पहिली खूण.

असहकार ओसरला आणि १९२३ च्या आरंभी चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी स्वराज्य पक्ष काढला. कौन्सिलात जायचे, पण कारभार अडवायचा. वऱ्हाड-नागपूरला हे जणू आपल्याच घरचे वाटले. मध्य प्रांताच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. देशात अन्य कुठल्याही प्रांतात असे झाले नव्हते. या बहुमताने मंत्र्यांचे पगार नाममात्र करून टाकले आणि द्विदल राज्यपद्धतीचा गाडा ठप्प केला.

पण अडवून पुढे काय? हा प्रश्न विदर्भाला सर्वांत आधी पडला. ऑक्टोबर १९२५ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष आणि स्वराज्य पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. पक्षात एकच गहजब झाला. मोतीलाल नेहरू भडकले. न. चिं. केळकर, मुकुंदराव जयकर, डॉ. मुंजे, अणे या मंडळींचा सवाल वेगळा होता. सत्तेच्या जागा शत्रूच्या हाती सोडून बाहेरून ओरडत बसण्यात काय हशील? १४ फेब्रुवारी १९२६ रोजी अकोल्याला बैठक भरली आणि प्रतियोगी सहकारिता पक्ष उभा राहिला. त्या वेळी वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. हिंदुस्थानच्या राजकारणातल्या या मोठ्या फुटीचे केंद्र मुंबई-पुण्यापासून लांब, कापसाच्या या गावात होते. एप्रिल महिन्यात साबरमतीला मोतीलाल नेहरूंशी तडजोड झाली, ती काही दिवसांतच फिसकटली.

गंमत अशी की तांबे पुढे १९२९ मध्ये काही काळ मध्य प्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले. अण्यांनी मात्र नोकरशाहीची अशी कुठली जागा त्या वेळी घेतली नाही. सत्तेत जावे, हे त्यांचे तत्त्व. त्या तत्त्वाच्या आडून स्वतःसाठी खुर्ची पटकावणे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. १९२८ मध्ये सर्वपक्षीय परिषदेने मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राज्यघटनेचा मसुदा करायला समिती नेमली, तिच्यावर अणे होते. तेजबहादूर सप्रू, सुभाषचंद्र बोस, अली इमाम यांच्या सह्यांबरोबर त्या अहवालावर अण्यांचीही सही आहे. काँग्रेसच्या रस्त्याशी मतभेद असलेला माणूस राज्यघटनेच्या कामात विश्वासाने बोलावला जात होता.

गवताचे राजकारण

१९३० च्या मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले. वऱ्हाडात समुद्र नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट, म्हणून अकोल्याजवळ दहीहंड्याला त्या पाण्याचे मीठ काढून सत्याग्रह झाला. पण मिठाचा कायदा मोडून वऱ्हाडातला शेतकरी पेटणार नाही, हे पुढाऱ्यांना ठाऊक होते. इथल्या माणसाचे रोजचे भांडण मिठाशी नव्हते. ते जंगलाशी होते.

इंग्रजांनी जंगल राखीव केले म्हणजे काय झाले, हे पुसद-मानोरा भागात कुणालाही विचारले असते तरी सांगितले असते. पूर्वी रानात गुरे सोडायची, जळण आणायचे, मोह वेचायचा, घर शाकारायला गवत आणायचे. आता प्रत्येक गोष्टीला परवाना. चराईचे पैसे भरा, नाहीतर गुरे कोंडवाड्यात. कोंडवाड्यातून सोडवायला पुन्हा दंड. नाकेदाराची मर्जी राखायची ती वेगळीच. बंजारा तांड्यांचे सारे जगणे गुराढोरांवर. आंध, कोलाम, गोंडांचे रानावर. खरिपाच्या तोंडावर बैलाला वैरण नसेल आणि कुंपणापलीकडे सरकारी गवत उभे असेल, तर कायदा म्हणजे काय हे शिकवायला सभेची गरज पडत नाही.

अण्यांनी विधिमंडळ सोडले आणि गवत निवडले. ही निवड त्यांच्या स्वभावाला धरून होती. जंगलसत्याग्रहात मालमत्तेची नासधूस नव्हती, कुणाच्या अंगावर जाणे नव्हते. गवताची एक पेंढी कापायची, गुन्हा कबूल करायचा, शिक्षा भोगायची. कायदा मोडणाऱ्याने कायद्यापासून पळ काढायचा नाही, उलट त्याच्यासमोर उभे राहून तो अन्यायाचा आहे असे सांगायचे. वकिलाला यात अपमान वाटण्यासारखे काही नव्हते. कोर्टात उभे राहून कायद्याची बाजू लढवणे आणि जंगलात उभे राहून कायद्याचा अन्याय दाखवणे, दोन्हींत कायद्याला गंभीरपणे घेणे होतेच.

ही चाल फलद्रूप झाली. २१ जुलैला डॉ. केशव बळिराम हेडगेवार यवतमाळजवळ लोहारा इथे जंगलसत्याग्रह करून तुरुंगात गेले. मध्य प्रांतात बैतुलच्या बाजूला गोंड-कोरकूंनी जंगलाचा लढा उचलला. सांगलीकडे बिळाशीला, कुलाब्यात चिरनेरला जंगलसत्याग्रहांनी वेगळीच धार घेतली. चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला. मध्यमवर्गीय वकिलांच्या हातून सुरू झालेली गोष्ट आदिवासींच्या हाती गेली की तिची तीव्रता वाढे आणि सरकारची बंदूकही लवकर बाहेर निघे. पुसदच्या पेंढीत हे सारे सुप्त होते. अण्यांना तेवढे अपेक्षित होते की नाही, ही गोष्ट निराळी.

काँग्रेसचा हंगामी अध्यक्ष

जंगलसत्याग्रहाने अण्यांचे वजन वाढले. काँग्रेसच्या कार्यकारिणीत ते पुन्हा आले. १९३१ मध्ये बंगाल काँग्रेसमध्ये सुभाषचंद्र बोस आणि जतींद्रमोहन सेनगुप्त यांचे गट हातघाईवर आले तेव्हा निवाडा करायला कार्यकारिणीने यवतमाळच्या या वकिलाला पाठवले. ज्याच्याविषयी दोन्ही बाजूंना खात्री वाटावी असा माणूस पक्षात दुर्मीळच असतो.

१९३३ साली दुसऱ्या कायदेभंगाची धग कमी होत होती, पुढारी तुरुंगात होते आणि हंगामी अध्यक्षपद अण्यांकडे होते. त्या वर्षी कलकत्त्याला भरायच्या अधिवेशनाला सरकारने बंदी घातली. नियोजित अध्यक्ष मदनमोहन मालवीय वाटेतच पकडले गेले, अण्यांनाही अटक झाली आणि अखेर नेली सेनगुप्त यांनी अध्यक्षपद सांभाळले. मे महिन्यात हरिजन कार्यासाठी गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले आणि तुरुंगातून सुटले. त्यांच्या सूचनेवरून हंगामी अध्यक्ष म्हणून अण्यांनी कायदेभंग काही आठवडे स्थगित केल्याचे जाहीर केले. जुलैत पुण्याला कार्यकर्त्यांची बैठक झाली, सामुदायिक कायदेभंग थांबला, वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. पत्रकावर सही अण्यांची होती.

सही करून ते घरी बसले नाहीत. ऑगस्टमध्ये मूठभर स्वयंसेवक घेऊन ते अकोल्याहून पायी निघाले आणि पकडले गेले. चळवळ आवरती घ्या म्हणणाऱ्यानेच पहिल्या रांगेत तुरुंगात जायचे, हा नैतिक हिशेब त्यांनी चोख ठेवला. वऱ्हाडात त्यांच्याविषयी जो आदर टिकला, तो अशा हिशेबांमुळे.

पण वर्षभरात वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्डने जातीय निवाडा दिला होता. धर्म आणि जातींप्रमाणे मतदारसंघ तोडणारा हा निवाडा राष्ट्राचे तुकडे करणारा आहे, अशी मालवीय आणि अणे यांची ठाम समजूत होती. काँग्रेसने मात्र १९३४ मध्ये तो स्वीकारायचा नाही आणि धुडकावायचाही नाही, असे ठरवले. दोघे बाहेर पडले आणि कलकत्त्याला काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष उभा केला. निवडणुकीत या पक्षाला जागा थोड्याच मिळाल्या, त्यातही बंगालने मोठा हात दिला. वऱ्हाडने आपली जागा अण्यांच्या पदरात टाकली आणि विधिमंडळात त्यांच्याकडे पक्षाचे नेतृत्व आले. त्यांच्या राजकारणातली सनातनी छटा इथे सर्वांत गडद दिसते. अल्पसंख्याकांना आणि अस्पृश्यांना वेगळे संरक्षण का मागावे लागते, याचे उत्तर या पक्षाकडे नव्हते. एकराष्ट्रीयत्वाचा आग्रह खरा होता. पण ते राष्ट्र आतून किती जणांना परके वाटते, हे पाहण्याची तयारी त्या आग्रहात कमी पडली.

दिल्लीतली खुर्ची आणि दारातला उपोषणकर्ता

१९४१ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोने कार्यकारी मंडळ वाढवले. त्यात हिंदी सभासदांची संख्या पहिल्यांदाच युरोपीयांहून जास्त झाली, पण संरक्षण, अर्थ आणि गृह ही खाती इंग्रजांकडेच राहिली. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते अण्यांना मिळाले. काँग्रेसवाल्यांना हा सरळ विश्वासघात वाटला. अण्यांच्या दृष्टीने हे टिळकांचेच सूत्र होते. मिळते ते घ्या, आत बसून भांडा.

त्या सूत्राची कसोटी १९४२ मध्ये लागली. ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सारे पुढारी उचलले गेले. ज्या सरकारने हे केले त्याच्या कौन्सिलात अणे होते आणि ते तिथेच राहिले. १६ ऑगस्टला चांदा जिल्ह्यात चिमूरला गोळीबार झाला, जमावाने सरकारी अधिकारी मारले. मग आलेल्या लष्कराने गावावर, विशेषतः बायकांवर, जे अत्याचार केले त्याच्या हकीकती नागपूर-वऱ्हाडभर पसरल्या. चिमूर अण्यांच्या वणीपासून फार लांब नाही. सरकार चौकशी करायला तयार नव्हते.

नोव्हेंबरच्या आरंभी सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी दिल्लीला अण्यांच्या बंगल्यावर येऊन बसले. एके काळी मौनव्रतासाठी स्वतःचे ओठ तांब्याच्या तारेने शिवून घेतलेला हा माणूस. त्यांची मागणी अशी की अण्यांनी, त्या भागातले पुढारी म्हणून, चिमूरला जाऊन चौकशी करावी. अणे तयार झाले नाहीत. भन्साळींनी दारातच अन्न सोडले. पोलिसांनी त्यांना तिथून हलवले, त्यांनी उपोषण चालूच ठेवले. बातम्यांवर बंदी आली, त्याच्या निषेधार्थ अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढले नाहीत. दोन महिन्यांहून अधिक काळानंतर, १२ जानेवारी १९४३ ला, कन्हैयालाल मुनशींच्या मध्यस्थीने ते उपोषण सुटले.

अण्यांच्या चरित्रातला हा सर्वांत अवघड प्रसंग. खुर्चीवर बसलेल्या माणसाला दारातला माणूस दिसत होता. त्याची मागणी रास्त आहे की नाही, हेही त्याला समजत असणार. तरी खात्याची हद्द आणि कौन्सिलची शिस्त आड आली. चौकटीत राहून काम करण्याची ही किंमत. चौकट दुसऱ्याची असेल तर ती आपल्याच माणसांच्या विरोधात उभी राहते.

महिनाभरात दुसरा घाव आला. १० फेब्रुवारीला गांधीजींनी आगाखान महालातल्या कैदेत २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. म्हातारा कैदेतच जाईल, अशी भीती देशभर पसरली. १७ फेब्रुवारीला कौन्सिलच्या तीन सभासदांनी राजीनामे दिले: होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि माधव श्रीहरी अणे. चिमूरला जे जमले नाही ते इथे झाले. गांधीजींशी आयुष्यभर मतभेद असलेला माणूस त्यांच्या जिवासाठी व्हाइसरॉयची खुर्ची सोडून उठला.

राजभवन, मग अपक्ष

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. त्याच वर्षी सरकारने त्यांना सिलोनला प्रतिनिधी म्हणून पाठवले, ते १९४७ पर्यंत तिथे राहिले. मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या हक्काचा तिढा तेव्हा पुरता गुंतलेला होता. घटना समितीतही ते काही काळ होते. १९४८ च्या जानेवारीत ते बिहारचे राज्यपाल झाले आणि १९५२ पर्यंत राहिले. स्वतंत्र भारताच्या काँग्रेस सरकारने काँग्रेसपासून फुटलेल्या माणसाला राजभवनात बसवले, हे त्या पिढीच्या राजकारणाचे मोठेपण.

पण त्यांचे शेवटचे भांडण बिहारशी नव्हते, विदर्भाशी होते. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली. ती बाजूला पडली. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. अण्यांना हा विदर्भावर झालेला अन्याय वाटला. १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि १९६२ च्या निवडणुकीत ते नागपुरातून लोकसभेवर गेले, दोन्ही वेळा अपक्ष. पाठीशी होती नाग विदर्भ आंदोलन समिती. ऐंशी ओलांडलेला माजी राज्यपाल अपक्ष म्हणून मते मागतो आणि लोक देतात, हे नागपूरला विशेष वाटले नसावे. दिल्लीतही त्यांची पद्धत जुनीच होती: विरोध करायचा तो सभागृहात उभे राहून.

त्याच काळात पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि सलग अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. अण्यांनी ज्या भागात गवत कापले, त्या भागाचा पुढारी संयुक्त महाराष्ट्राचा सर्वांत दीर्घकाळचा कारभारी ठरला. १९७७ मध्ये हेच नाईक वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर गेले. वऱ्हाडने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. सत्तेची वाट नाईकांची जिंकली, वेगळ्या राज्याची मागणी मात्र विझली नाही. अण्यांचे नातू श्रीहरी अणे महाराष्ट्राचे महाधिवक्ता असताना वेगळ्या विदर्भाविषयी उघड बोलले आणि २०१६ च्या मार्चमध्ये त्यांनी पद सोडले. या घराण्याला सरकारी खुर्चीवर बसण्याची आणि मतासाठी तिच्यावरून उठण्याची दोन्हींची सवय असावी.

२६ जानेवारी १९६८ ला बापूजी अणे गेले. त्याच वर्षी पद्मविभूषण जाहीर झाले. टिळकांवर त्यांनी लिहिलेल्या ‘तिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, मरणोत्तर. तुरुंग, कौन्सिल, कोलंबो, पाटणा असा फिरलेला माणूस मनाने टिळकांपाशीच राहिला होता.

आज अण्यांवर हक्क सांगणारे वेगवेगळे लोक त्यांचा आपल्याला हवा तेवढाच भाग उचलतात. काँग्रेसजन १९३३ चा हंगामी अध्यक्ष आठवतात, हिंदुत्ववादी जातीय निवाड्याचा विरोधक, विदर्भवादी १९६२ चा अपक्ष खासदार. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले अणे कुणालाच नको असतात. पण त्यांना वगळले तर बाकीचे तिघेही कळत नाहीत. त्यांची निष्ठा पक्षावर नव्हती, तशी निव्वळ परंपरेवरही नव्हती. ती एका रीतीवर होती: आत शिरायचे, उघड बोलायचे, नियम पाळायचे आणि सहन होईनासे झाले की पद सोडायचे. या रीतीने पुसदच्या शेतकऱ्याला आवाज दिला आणि चिमूरच्या बायकांना न्याय नाकारणाऱ्या सरकारात अण्यांना बसवूनही ठेवले. दोन्ही गोष्टी एकाच रीतीतून आल्या, म्हणून दोन्ही एकत्रच मोजायला हव्यात.

१ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा जिल्हा झाला, पण पुसद त्यात परतले नाही. त्यामुळे पुसदचा जंगलसत्याग्रह यवतमाळच्या इतिहासात जातो आणि वाशीमच्या शाळकरी मुलांना तो आपला वाटत नाही. तो त्यांचाही आहे. मानोऱ्याच्या तांड्यातल्या आजोबांना चराईचा जाच पुसदकरांइतकाच ठाऊक होता. आणि सत्तेत असलेल्या माणसाने कधी बसायचे आणि कधी उठायचे, हा अण्यांच्या आयुष्याने उभा केलेला प्रश्न कोणत्याही जिल्ह्याच्या हद्दीत मावणारा नाही.